सोसेल तेवढं

पाकट लागलं की डॉक्टर नंतर, आधी यमुनाबाई. जयगडच्या खाडीकाठच्या त्या वाडीत शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. पाकट म्हणजे तो चपटा, गोधडीसारखा पसरलेला मासा. दिसायला अगदी गरीब, पण शेपटीत करवतीच्या दातांचा काटा. तो पायात घुसला की सहा फुटी खलाशीसुद्धा वाळूत लोळून आईच्या नावाने बोंब मारतो. मग चारजण त्याला उचलून यमुनाबाईच्या पडवीत आणून टाकायचे आणि यमुनाबाई चुलीवर पाणी चढवायची. मंत्र नाही, अंगारा नाही. "मंत्राने विष उतरलं असतं तर देवळात बसले असते, हितं धुरात डोळे कशाला फोडले असते?" असं ती तोंडावर सांगायची. पाय बादलीत घालायचा, वरून तांब्या-तांब्याने गरम पाणी सोडायचं आणि विचारत राहायचं, "सोसवतं काय रे?" सोसवतं म्हणाला की अजून ओतायचं. "बास, मेलो!" म्हणून ओरडला की थांबायचं. पाणी सोसेल तेवढं गरम पाहिजे, त्याहून कोमट पाण्याला विष दाद देत नाही. चाळीस वर्षांत तिने पाणी कधी मोजलं नव्हतं. तिचं माप म्हणजे समोरच्याचं ते "बास".

आता ही यमुनाबाई म्हणजे मितेशची आत्या. लग्नानंतर वर्षभरात नवरा बोटीवरून पडून गेला, तेव्हापासून भावाच्या घरात. भाऊ-भावजय गेले, मितेशला तिने वाढवलं, त्याचं लग्न तिनेच जमवलं. मामाची मुलगी केली, रुचिरा. घरचंच सोयरं, पाहिलेली पोर, कुणाला काय वावगं वाटणार? पहिली मुलगी झाली, राही. गोरीगोमटी, टपोऱ्या डोळ्यांची. बारशाला कान टोचले तेव्हा ती हसली. सोनार म्हणाला, "काय गुणी पोर हो!" आणि सगळी वाडी कौतुक करत बसली.

कौतुक दोन वर्षं टिकलं. सगळे दात आले तशी राही स्वतःची जीभ चावायला लागली आणि तोंडभर रक्त घेऊन खिदळायला लागली. पाच वर्षांची असताना मनगट मोडलं. तीन दिवस मोडक्या हाताने ही लंगडी खेळत होती. चौथ्या दिवशी भाकरी डाव्या हाताने खायला लागली म्हणून रुचिराला संशय आला. शेवटी मुंबईच्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं: मज्जातंतूंचा आजार आहे, आई आणि बाप दोघांच्या रक्तातून आलेला, लाखांत एखाद्याला होतो. हिला दुखणार नाही. भाजलं, कापलं, मोडलं, काही कळणार नाही. औषध नाही. डोळ्यांत तेल घालून जपा.

रुचिराने जपलं. रोज संध्याकाळी दिव्याखाली बसवून पोरीला नखापासून शेंडीपर्यंत तपासायची. बोटांच्या बेचक्या, तळवे, जीभ, कानामागे, सगळं. आंघोळीच्या पाण्यात आधी स्वतःचं कोपर बुडवायची, मगच पहिला तांब्या. घरात विळी उंच फळीवर, चूल कठड्याआड. आणि वाडीतल्या बायका म्हणायच्या, "काय सोशिक गो तुझी पोर! पडली तरी हूं की चूं नाय." रुचिराचं डोकं फिरायचं. "सोसायला आधी दुखावं लागतं, काकी. तिला दुखतच नाय, ती काय सोसणार, कपाळ?" पण राहीला तो शब्द आवडायचा. शाळेत कुणाला पाढे येतात, कुणाला गाणं येतं, तिला सोसता येत होतं. कुणीही विचारलं तरी ती छाती काढून सांगायची, "मला सोसवतं."

राही आता नऊ वर्षांची होती. तो रविवार होता. मितेश चार दिवसांसाठी बोटीवर गेलेला. रुचिरा पहाटेच मासळीची टोपली घेऊन मालगुंडच्या बाजाराला गेली. जाताना तिने यमुनाबाईला बजावलं, "आत्या, हिला किनाऱ्यावर सोडू नका. आज रापणीचं जाळं ओढतायत." यमुनाबाई म्हणाली, "मी काय मेले काय? जा तू." आणि उजाडल्यावर सुकटीला ऊन दाखवायला अंगणात गेली. तेवढा वेळ पुरला.

नऊच्या सुमारास राही परत आली. ओट्यावर चढली, पाण्याच्या हंड्याशी गेली, पेला भरून प्यायली. यमुनाबाईचं लक्ष गेलं ते जमिनीकडे. सारवलेल्या ओट्यावर एकाआड एक रक्ताची पावलं उमटली होती.

"गो बाय, थांब! हलू नको तिथून!"

उजवा पाय उचलून पाहिला. घोट्याच्या खाली, बाहेरच्या अंगाला, फाटल्यासारखी जखम. कडा निळसर. यमुनाबाईला दुसरं कुणी सांगायला नको होतं. "पाकटावर पाय दिलास?"

"जाळ्यातून काढून टाकलंवतं ना, त्याच्यावर. शेपटी अशी फटकन फिरली," राही म्हणाली. तिला गंमतच वाटली होती.

"कधी?"

"मगाशी. मग आम्ही लपाछपी खेळलो."

मोठी माणसं लगेच बोंबलतात, म्हणून लगेच पाणी मिळतं. ही पोर विष पायात घेऊन तासभर पळापळी करून आली होती! गेल्या वर्षी पलीकडच्या वाडीतला एक धडधाकट गडी असाच उशीर करून आला आणि त्याची दोन बोटं गेली. यमुनाबाईने चुलीत लाकडं कोंबली. पाणी चढवलं, बादली ओढली, राहीला पाटावर बसवलं. हात चालायला लागले तसा तिला धीर आला. हे काम तिला डोळे मिटून येत होतं.

घात झाला तो तिथेच.

पहिला तांब्या ओतला. "सोसवतं काय गो?"

"सोसवतं."

दुसरा. पाण्यातून वाफ निघत होती. यमुनाबाईने बादलीत बोटं घातली, पण तिचे हात म्हणजे काय! चाळीस वर्षं मीठ, मासळी, चुलीवरची टोपं, उकळतं भांडं फडक्याशिवाय उतरवायची सवय. त्या हातांना ते पाणी नुसतं गरम लागलं. "सोसवतं?"

"सोसवतं गो आजे! अजून ओत."

"शाबास माझी वाघीण," यमुनाबाई म्हणाली आणि तिसरा तांब्या थेट चुलीवरच्या टोपातून भरून ओतला.

आता तुम्ही विचाराल, बाईला ठाऊक नव्हतं का? होतं हो, ठाऊक होतं! नऊ वर्षं ती पोरीबरोबर त्याच घरात राहत होती. पोरीला काही कळत नाही हे तिने दहा जणांना सांगितलं असेल. पण हातांची सवय डोक्याला विचारत नाही. चाळीस वर्षं जो प्रश्न विचारला तोच तोंडातून निघाला आणि जे उत्तर हवं होतं तेच समोरून आलं. राही एका हाताने चुरमुरे खात होती. अर्धा तास तो पाय तसाच बादलीत होता.

मग यमुनाबाईने पाय बाहेर काढला आणि पुसायला फडकं लावलं. फडक्याबरोबर कातडी सरकली.

पाय पांढरा फट्ट पडला होता. थंड झालेल्या पेजेवर साय सुरकुतते तशी कातडी गोळा झाली होती. आधी तिने राहीकडे पाहिलं. राही चुरमुरे खात होती. मग तिला सगळं एकदम कळलं, आणि कळल्याबरोबर ते कुणाला कळू नये असंही वाटलं. दोन्ही एकाच क्षणी. माणसाचं मन असंच असतं मेलं, त्याला काय करणार! तिने हळद लावली, पांढरं धुतलेलं फडकं गुंडाळलं आणि पोरीला खाटेवर निजवलं.

अकरा वाजता रुचिरा आली. बांधलेला पाय बघितला, टोपली तिथेच टाकली आणि फडकं सोडलं. एव्हाना टरारून फोड आले होते.

"आत्या, हे काय?"

"पाकट लागलं. विषाचे फोड हायत ते," यमुनाबाई म्हणाली. आपला आवाज किती सरळ आला याचंच तिला नवल वाटलं.

"तुम्ही पाणी दिलंत ना?"

"दिलं तर."

"मग तुम्ही होतात म्हणून वाचली," रुचिरा म्हणाली आणि शेजारच्या समर्थला व्हॅन काढायला सांगायला पळाली.

रत्नागिरीपर्यंतचा तो रस्ता. रुचिरा मागच्या सीटवर पोरीचा पाय मांडीवर घेऊन बसलेली, यमुनाबाई पुढे. प्रत्येक वळणावर यमुनाबाई मनात म्हणत होती, आता सांगते. निवळीचा फाटा येऊ दे, सांगते. निवळी मागे पडली. मागून राही विचारत होती, "आई, हॉस्पिटलात कॅन्टीन असतं?" समर्थ हॉर्न वाजवत होता. यमुनाबाईला वाटलं, विषही असेलच की थोडं. सगळं काय पाण्याचंच असेल कशावरून? असं म्हणत म्हणत हॉस्पिटल आलं.

डॉक्टर योगिनी म्हणून बाई होत्या, चाळिशीच्या, बोलायला तुटक. त्यांनी पाय पाहिला, रुचिराची मुंबईच्या कागदांची फाईल पाहिली, परत पाय पाहिला. अंगठा दाबला. नखं काळसर दिसत होती.

"बघा, मी स्पष्ट सांगते," त्या म्हणाल्या. "दुसरा पेशंट असता तर मी विचारलं असतं, कुठे दुखतं, किती दुखतं, वर चढतंय का. हिला विचारून उपयोग नाही. मला फक्त डोळ्यांना दिसेल तेवढंच कळणार. पाकटाच्या विषाने मांस मरतं. हे फोड विषाचे असतील तर ते घोट्याच्या वर चढलंय. मग मला थांबता येणार नाही. आत्ता थिएटरमध्ये घेऊन पाय गुडघ्यापर्यंत चिरून उघडावा लागेल. बोटं मेली असतील तर बोटं काढावी लागतील. आजच."

रुचिराने भिंतीला हात टेकला. "बोटं?"

"घरी काय काय केलंत? गरम पाण्यात ठेवला होता?"

"हो," रुचिरा म्हणाली. "आमच्या आत्यांनी. आमच्याकडे सगळे त्यांच्याकडेच येतात हो डॉक्टर. चाळीस वर्षांचा हात आहे. त्या चुकायच्या नाहीत."

डॉक्टर यमुनाबाईकडे वळल्या. "पाणी किती गरम होतं, आजी?"

यमुनाबाईच्या तोंडून ठरलेलंच निघालं. "सोसेल तेवढं."

"कुणाला?"

एवढाच प्रश्न. समोर टेबलावर राही पाय लांब करून छताचा पंखा बघत होती. रुचिरा अजून यमुनाबाईकडेच बघत होती, आणि त्या नजरेत नुसता भरवसा होता. तो भरवसा धरून गप्प राहिलं तर घर राहणार होतं, मान राहणार होता, पडवीतली जागा राहणार होती. आणि पोरीची बोटं जाणार होती. यमुनाबाईला वाटलं, जमीन दुभंगून आत घेईल तर बरं. पण कोकणातला कातळ तो, कुणासाठी दुभंगत नाही.

"उकळीचं होतं, बाई," ती म्हणाली. "तिसरा तांब्या चुलीवरच्या टोपातला. अर्धा तास ठेवला. मी विचारलं, सोसवतं काय. ती म्हणाली, सोसवतं. मी ओतलं. विषाचे फोड म्हणून मी खोटं सांगितलं. हे माझ्या हातचं हाय. शिरा पडली माझ्या हातांवर, जळोत मेले! पोरीची बोटं कापू नका, मी हात जोडते."

डॉक्टरांनी पाय वर उचलून धरला आणि पोटरीच्या खालून बोट फिरवलं. फोड जिथे संपत होते तिथे चारी बाजूंनी एकसारखी रेघ होती, मोजा घातल्यासारखी.

"ही रेघ मला खटकत होती," त्या म्हणाल्या. "विष असं आखून चढत नाही. हे भाजणं आहे." मग नर्सकडे वळून, "थिएटर थांबव. एक्स-रे आधी. काट्याचं टोक आत आहे का बघू."

टोक आत होतं. पाऊण इंचाचा तुकडा. तो काढला, जखम धुतली, पाय कापसात गुंडाळला. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आल्या आणि म्हणाल्या, बोटं बहुतेक राहतील. दोन आठवड्यांनी मांडीची कातडी काढून तिथे लावू. तोवर हा पाय जमिनीला टेकता कामा नये. एकदाही नाही.

त्या गेल्यावर रुचिरा यमुनाबाईसमोर उभी राहिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"नऊ वर्षं मी कोपर बुडवून पाणी घालते तिला, आत्या. नऊ वर्षं. पाण्याचं मी एक वेळ सोडीन. माणूस चुकतो. पण माझ्या तोंडावर विषाचे फोड म्हणालात? मी तुम्हाला म्हटलं, तुम्ही होतात म्हणून वाचली. तुम्ही ऐकून घेतलंत?" "आता तिच्याजवळ येऊ नका."

यमुनाबाई घरी गेली नाही. बाहेरच्या बाकड्यावर बसून राहिली. समर्थ डबा आणून देत होता, तो तसाच परत जात होता.

पण आतलं संकट टळलं नव्हतं. ज्याला दुखतं तो पाय आपोआप जपतो, त्याला कुणी सांगायला लागत नाही. राही दुसऱ्याच दिवशी खाटेवरून उतरली आणि टुणटुण चालत खिडकीपर्यंत गेली. पट्टी ओली झाली. रुचिराने दटावलं, हातापाया पडली, शेवटी एक धपाटाही घातला. धपाट्याने काय होणार त्या पोरीला? "मला काय झालंय, आई? मला सोसवतं," असं म्हणून ती हसली. तिसऱ्या दिवशी रुचिरा जरा पेंगली तेवढ्यात पोर दारापर्यंत जाऊन आली, आणि फरशीवर पिवळसर डाग उमटले. डॉक्टर योगिनी भडकल्या. "पाय बांधून ठेवला तर ती हिसडे देते. पुन्हा एकदा टेकवला तर कातडी धरणार नाही, आणि मग मी काढायचं म्हटलं होतं ते खरंच काढावं लागेल. तिला समजावा कुणीतरी!"

"आजीला बोलवा," राही खाटेवरून म्हणाली.

"आजी नाही," रुचिरा म्हणाली.

"ती बाहेर बसलीय. मी दारातून बघितली. मला तिला एक विचारायचंय."

रुचिराने डॉक्टरांकडे पाहिलं. मग स्वतःच दार उघडून, न बघता, "या" म्हटलं.

यमुनाबाई दारातच उभी राहिली. तीन दिवसांत ती वाळून गेली होती. नर्स पट्टी बदलायला बसली होती आणि शेवटचा वेढा निघत होता.

"आजे," राही म्हणाली, "पाणी लय गरम होतं?"

"होतं गो."

"मग तुझं तोंड तेव्हा वाकडं का नव्हतं? मला कळत नाय ना, दुखतं काय ते. मी तुमची तोंडं बघते. आईचं तोंड वाकडं झालं की मला कळतं, लागलंय. तुझं तोंड साधं होतं. तू शाबास म्हणालीस. मग मी पाय तसाच ठेवला."

रुचिराने तोंडावर हात घेतला. पोरीला रोज दिव्याखाली तपासणाऱ्या आईलाही हे माहीत नव्हतं.

नर्सने शेवटची घडी उचलली. लालभडक मांस, कडेला पिवळं, मध्ये काळपट. यमुनाबाईने असे पाय जन्मभर पाहिले होते आणि पाहताना चेहरा कोरा ठेवायचं स्वतःला शिकवलं होतं. बघणाऱ्याने तोंड पाडलं की रोगी खचतो, हे तिचं शास्त्र. आताही तो चेहरा आपोआप आला होता. तिने तो जाऊ दिला. आधी ओठ थरथरले, मग हनुवटी. मग तिच्या घशातून असा आवाज निघाला की नर्सचे हात थांबले. बाकड्यावर बसून तीन दिवस जे गिळलं होतं ते सगळं तिच्या तोंडावर आलं. तिने पदर वर नेला नाही, मान फिरवली नाही. पोरीला दिसू दिलं.

राही बघत होती. आजीच्या तोंडाकडे, मग पायाकडे, पुन्हा तोंडाकडे. तिचं हसू मावळलं.

"एवढं?" तिने हळूच विचारलं.

"एवढं गो बाय. एवढं."

नर्सने औषधाचा बोळा पुढे केला. आणि राहीने पाय झटकन मागे ओढला. दोन्ही हातांनी गुडघा पोटाशी धरला आणि ओरडली, "हळू! हळू ना! हात नका लावू!"

आपल्या पोरीने काहीतरी मागे ओढून घेतलेलं रुचिरा जन्मात पहिल्यांदा बघत होती. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. तिने आत्याचा हात धरला नाही. माफ केलं असंही म्हणाली नाही, आणि तिने केलं नव्हतंच. खाटेखालचं स्टूल ओढून तिने राहीच्या अगदी समोर ठेवलं.

"बसा," ती म्हणाली. "कातडी लागेपर्यंत बसा. तिला तुमचं तोंड दिसेल अशा बसा."